बाबांची ८६ सालची पद्मिनी बारा-तेरा किलोमीटरवर बंद पडते. कार्बोरेटर की आणखी काही?

दारव्हा_पद्मिनी · ३ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथले धागे बरेच दिवस वाचतो, लिहितो आज पहिल्यांदा.

गाव दारव्ह्याजवळ, शेती कपाशी-तुरीची. बाबांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून घरी आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सोलेक्सचा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो तो), स्टिअरिंगजवळचा गिअर. बाबांचे गुडघे गेल्यापासून चार वर्षं गाडी कोठ्यात उभी होती. येत्या २८ तारखेला आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. दरवर्षी कापूस विकला की बाबा आम्हाला याच गाडीतून शेगावला नेत. यंदा मी त्यांना नेणार, आणि याच गाडीतून, असं ठरवलं आहे.

बॅटरी नवीन टाकली, जुनं पेट्रोल काढून टाकलं, गाडी सुरू झाली. त्रास असा आहे:

सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते. उभी असताना फडफडते, पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरमधून काळा धूर. एक्सलेटर एकदम दाबला की क्षणभर दम खाते, मग उचलते. आणि दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की बारा-तेरा किलोमीटरवर झटके मारत बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा सात-आठ किलोमीटर, पुन्हा बंद.

मेकॅनिकनं कार्बोरेटर दोनदा उघडला. नवीन किट टाकलं, जेट (पेट्रोल मापात सोडणारी बारीक छिद्रं) तारेनं साफ केले, स्क्रू फिरवून दिला. काहीच फरक नाही. आता म्हणतो कार्बोरेटरच बदला. बदलायच्या आधी तुमचं मत हवं आहे.

नागपुरी_गिअर · ३ मे, रात्री १०.०५

भाऊ, ४५ डिग्री चालू आहे. हा सरळ एअर लॉक आहे. पेट्रोलची पाइप इंजिनजवळ तापते, आतच पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पेट्रोल, म्हणून वीस मिनिटांनी सुरू. पंपावर ओला कपडा टाकून बघा. कायमचा इलाज म्हणजे जुना पंप काढा आणि इलेक्ट्रिक पंप लावा.

डेल्को_काका · ४ मे, सकाळी ६.१५

राजा, आधी कार्बोरेटरले हात लावनं बंद कर. मी कारंज्याले चाळीस वर्सं गॅरेज चालोलं. कार्बोरेटर खराब म्हनून आलेल्या दहा गाड्यायपैकी सहा-सात गाड्यायचा रोग दुसरीकडंच निघे. ठिनगी तयार करनारे पॉइंट अन् कंडेन्सर, पंप, टाकीचं झाकन. पन सारे लोक पयले कार्बोरेटरच खोलतात, काहून का तो समोर दिसते अन् चार स्क्रूत खुलते.

तू आता चार गोष्टी पाहून सांग. गाडी बंद पडली का त्याच मिनिटाले पाहाच्या. थंडी झाल्यावर पाह्यलं तं काई समजत नाई.

पयलं, प्लगची वायर काढून ठिनगी पाय. निळी कडक हाय का पिवळी मरतुकडी हाय. कंडेन्सर नाई तं कॉइल तापली का असंच बंद पाडते, अन् थंडी झाली का सुरू.

दुसरं, पंपाच्या अन् कार्बोरेटरच्या मधात आरपार दिसनारं फिल्टर असन तं त्यात पेट्रोल हाय का नाई.

तिसरं, टाकीचं झाकन खोल. हवा आत गेल्याचा फुस्स आवाज येते का.

चवथं, चारही प्लगचा रंग सांग.

ओला कपडाही टाकून पाय, त्यात काई वाया जात नाई.

अँबी_ताई_वणी · ४ मे, सकाळी ९.३०

काकांनी सांगितलं त्याच क्रमाने जा, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही. माझ्याकडे सासऱ्यांची अँबेसेडर आहे, तिलाही सोलेक्सच आहे. तिच्यावर मी हे सगळं स्वतः शिकले.

आणि जेटमध्ये तार घातली हे वाचून वाईट वाटलं. जेट पितळेचा असतो, तार पोलादाची. छिद्राला एक ओरखडा पडला तरी माप बिघडतं. शिंदीच्या झाडूची काडी किंवा मासे धरायच्या गळाचा नायलॉन दोरा वापरायचा, आणि हवा मारायची. पुढे कार्बोरेटर उघडायची वेळ आली तर आधी इथे विचारा.

दारव्हा_पद्मिनी · ५ मे, संध्याकाळी ७.२०

काकाजी, ताई, सगळं केलं. भावाला सोबत घेतलं आणि भर दुपारी दीड वाजता निघालो. शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या थोडं पुढे गाडी बंद पडली.

ठिणगी निळी, कडक. चारही वायरींना.

फिल्टर पंप आणि कार्बोरेटरच्या मधेच आहे. ते जवळजवळ रिकामं होतं, तळाशी चमचाभर पेट्रोल.

झाकण उघडलं, आवाज काहीच नाही. मग झाकण सैल ठेवून गाडी चालवली, तरी बंद पडलीच.

पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाकलं. वीसऐवजी पंधरा मिनिटांत सुरू झाली, पण बंद पडायची थांबली नाही.

प्लग चारही काळेकुट्ट, काजळी बोटाला लागते.

आता माझा गोंधळ असा, की प्लग काळे म्हणजे पेट्रोल जास्त, आणि फिल्टर रिकामं म्हणजे पेट्रोल कमी. दोन्ही एकाच वेळी कसं?

नागपुरी_गिअर · ५ मे, संध्याकाळी ७.५०

फडक्यानं फरक पडला म्हणजे एअर लॉकच. भंगारात नवीन गाड्यांचे पंप मिळतात, टाकीतले. एक आणून मागच्या बाजूला बसवून टाका, काम संपलं.

आयटीआय_मास्तर · ५ मे, रात्री ८.३०

तो पंप कृपया लावू नका. जीवाचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहितो.

नव्या गाड्यांच्या टाकीतला पंप इंजेक्शनसाठी असतो. त्याचा दाब साधारण ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या वर. तुमच्या सोलेक्समध्ये फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) जी सुई वर दाबून धरतो ती दोन-तीन पीएसआयच्या हिशोबानं केलेली आहे. चाळीसचा दाब आला की सुई बंदच होणार नाही. पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून उसळून गरम मॅनिफोल्डवर सांडेल. गाडी पेटायला एवढं पुरे. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल तर कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा मिळतो, पण रोग सापडल्याशिवाय तोही नको. पाइप कुठे अडलेली असेल तर नवा पंपही तिथेच अडेल.

आता तुमचा गोंधळ. दोन वेगळे आजार आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी दिसतात. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना इंजिनाला पेट्रोल थोडंच लागतं, तेवढं पंप पुरवतो. तिथे कार्बोरेटर गरजेपेक्षा जास्त पाजतो, म्हणून वास, धूर, काजळी. रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये लागणारं पेट्रोल कितीतरी पट वाढतं. तेवढं टाकीकडून येत नाही. कार्बोरेटरची वाटी हळूहळू रिकामी होते आणि बारा किलोमीटरवर संपते. मेकॅनिकनं दोन आजारांना एक समजून औषध दिलं.

एअर लॉक थोडाफार असेलही. पेट्रोलचे हलके घटक चाळीस डिग्रीच्या आसपासच वाफ व्हायला लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बॉनेटखालचं तापमान त्याच्या दुप्पट सहज जातं. पण निव्वळ एअर लॉक असता तर ओल्या फडक्यानं यापेक्षा बराच जास्त फरक पडला असता.

नागपुरी_गिअर · ५ मे, रात्री ८.५५

दाबाचं माहीत नव्हतं सर. माझा सल्ला मागे घेतो. भाऊ, तो पंप आणू नका.

दारव्हा_पद्मिनी · ५ मे, रात्री ९.१५

मास्तर, आता समजलं. पण टाकीपासून पंपापर्यंतची पाइप मेकॅनिकनं माझ्यासमोर तपासली होती. पंपाकडून काढून कॉम्प्रेसरची हवा मारली, टाकीत गुडगुड आवाज आला. पाइप मोकळी आहे.

डेल्को_काका · ६ मे, सकाळी ५.५०

हवा मारून पाइप मोकळी निंगाली म्हन्जे पाइप चांगली, असं नाई राजा. पंप फुंकत नाई, पंप ओढते.

फुंकलं का रबर फुगते. ओढलं का रबर चिपकते. जुन्या रबरी पाइपचं आतलं अस्तर सुटते, त्याची जीभ होते. तू फुंकलं का ती जीभ बाजूले सरकते, हवा बराबर जाते. पंपानं ओढलं का तीच जीभ छेद झाकते. हळू ओढलं तं थोडं पेट्रोल येते, जोरानं ओढलं तं बंद. रबर तापून नरम झालं का आनखी लवकर बंद. तुह्या गाडीचा सारा तमाशा याच्याशी जुळते.

गाडीखाली जाय. टाकीतून निंगते तथी अन् पंपाजवळ येते तथी, लोखंडी पाइपाले जोडनारे रबरी तुकडे असतीन. गरम असतानी बोटात दाबून पाय. जॅकवर भरोसा करू नको, चाकाखाली लाकडाचे ठोकळे लाव. अन् कुटाराच्या ढिगाजवळ नाई तं पऱ्हाटीच्या गंजीजवळ पेट्रोलचं काम करू नको. मोकळ्या वावरात जाय, रेतीची बादली जवळ ठेव, बॅटरीची वायर काढून ठेव.

दारव्हा_पद्मिनी · ७ मे, दुपारी १२.१०

सापडलं काकाजी!

पंपाजवळचा तुकडा ठीक होता. टाकीजवळचा वीतभर तुकडा बाहेरून अगदी नवा दिसतो, पण बोटात दाबला तर उकडलेल्या शेंगेसारखा मऊ. काढून एक टोक तोंडात धरलं आणि फुंकलं, हवा आरपार. ओढलं तर चटकन बंद. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. ब्लेडनं उभा चिरला तर आतला काळा थर सुटून अर्धा इंच लांब जीभ झालेली. बाबा बाजेवर बसून बघत होते, त्यांनीही हातात घेऊन ओढून पाहिलं.

हा तुकडा चार वर्षांपूर्वी, गाडी उभी करण्याच्या थोडं आधी बदलला होता. दुकानातून मीटरवर मिळते ती साधी पाइप होती.

आयटीआय_मास्तर · ७ मे, दुपारी १.००

काकांना नमस्कार. हे मी वर्गात सांगणार.

सगळ्यांसाठी एक गोष्ट: आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवतं, मऊ करतं, नंतर तडे पाडतं. हवेतलं पाणीही ओढून घेतं. पाणी पुरेसं जमलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं आणि तळ गंजतो. १९८६ ची गाडी तयार झाली तेव्हा हे इंधन कुणाच्या डोक्यात नव्हतं. म्हणून मीटरवरची साधी पाइप घेऊ नका. जिच्यावर जे३० आर९ असं छापलेलं असतं ती घ्या, ती इंधनाची पाइप आहे आणि इथेनॉलला टिकते. यवतमाळला किंवा अमरावतीला मिळेल. गाडीतल्या पंपाचा डायफ्रामही (आतला रबरी पडदा) त्याच विचारानं बदला. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

परतवाडा_घाट · ७ मे, संध्याकाळी ६.४०

हे वाचून आत्ता डोक्यात प्रकाश पडला. माझी पद्मिनी परतवाड्यात मस्त चालते, चिखलदऱ्याच्या घाटात बंद पडते. मी समजत होतो उंचीमुळे. उद्याच टाकीजवळची पाइप ओढून बघतो.

आयटीआय_मास्तर · ७ मे, संध्याकाळी ७.०५

उंचीचा परिणाम खरा आहे, पण त्याची खूण वेगळी. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, तिथे हवा विरळ, कार्बोरेटर मात्र पेट्रोल जवळपास तेवढंच देतो. त्यामुळे गाडी जड वाटते, धूर देते, ताकद कमी होते. पण झटके मारत बंद पडत नाही. तुमचं फिल्टर रिकामं होतं का ते आधी बघा.

दारव्हा_पद्मिनी · १० मे, रात्री ८.००

यवतमाळहून पाइप आणली, दोन्ही तुकडे आणि क्लिप बदलल्या. आज दारव्हा, तिथून कारंजा आणि परत. एकदाही बंद पडली नाही. फिल्टर पूर्ण वेळ भरलेलं.

पण धूर तसाच, उभी असताना फडफड तशीच, आणि एक्सलेटर एकदम दाबला की दम खाते तेही तसंच. आता तरी कार्बोरेटर उघडायचा का?

डेल्को_काका · १० मे, रात्री ८.१०

आता खोल. पन आधी पॉइंटचा गॅप अन् टायमिंग बघून घे. ते बराबर नसलं तं कार्बोरेटर ट्यून होतच नाई. बाकी ताई सांगन, तिचा हात माह्यापेक्षा साफ हाय.

अँबी_ताई_वणी · ११ मे, सकाळी १०.१५

काका, असं म्हणू नका. सांगते.

उघडायच्या आधी एक तपासणी. इंजिन बंद, एअर फिल्टर काढा, टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि एक्सलेटरचा दांडा हाताने झटकन उघडा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. एक्सलेटर दाबताच हवा लगेच वाढते, पेट्रोल मागे राहतं. ती क्षणभराची तूट ही धार भरून काढते. धार नसेल तर गाडी दम खाणारच. सोलेक्समध्ये हे काम बाजूला चार स्क्रूंनी बसवलेला छोटा पंप करतो, आत रबरी डायफ्राम असतो.

मग उघडताना: स्वच्छ पांढरं कापड पसरा, म्हणजे पडलेली गोळी किंवा स्प्रिंग दिसते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. आणि कार्बोरेटरच्या अंगाला चिंचेचं पाणी किंवा ॲसिड लावू नका. पितळेची भांडी चिंचेनं उजळतात हे खरं, पण कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, आंबट पदार्थ ते खातो. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे किंवा नुसतं पेट्रोल आणि जुना दात घासायचा ब्रश.

वरचं झाकण उलटं केलं की सुईची बैठक दिसेल, पान्यानं आवळलेली असते. ती सोडवा आणि तिच्याखाली वायसर (धातूची चकती) आहे का ते बघा. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. सोलेक्समध्ये वाटीतल्या पेट्रोलची पातळी त्या वायसरच्या जाडीवर ठरते. वायसर जाड तर बैठक खाली येते, फ्लोट लवकर सुई बंद करतो, पातळी कमी. वायसर पातळ तर पातळी जास्त. आणि वायसर नसलाच तर पातळी वर जातेच, शिवाय आट्यांमधून पेट्रोल झिरपत राहतं, सुई कितीही चांगली असली तरी. बाजारातल्या पुष्कळ किटांमध्ये हा वायसर नसतोच. जुना वायसर जुन्या सुईबरोबर कचऱ्यात जातो आणि नवी सुई तशीच बसवली जाते. तुमच्या गाडीचा त्रास किट टाकल्यावर वाढला का, आठवून बघा.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल वाजत असेल तर छिद्र आहे. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. आणि पाणी उकळायचा स्टोव्ह त्या कामापासून लांब ठेवा.

दारव्हा_पद्मिनी · १२ मे, रात्री ९.३०

ताई, तुम्ही इथे बसून पाहत होता की काय!

धार नव्हतीच. डायफ्राम सुकून पापडासारखा कडक, कडेला फाटलेला. किटमध्ये नवा होता, पण मेकॅनिकनं तो बदललाच नव्हता, पुडीत तसाच सापडला.

सुईच्या बैठकीखाली वायसर नाही. काहीच नाही. आणि होय, वास आणि धूर किटनंतरच वाढला. आधी फक्त बंद पडायची. ही गोष्ट मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती.

फ्लोट पितळी आहे, तो ठीक. हलवला तर आवाज नाही, गरम पाण्यात एकही बुडबुडा नाही.

वाटीच्या तळाशी गंजाची तांबडी पूड आणि एक चिकट पिवळा थर होता. काडीनं आणि ब्रशनं साफ केला. मेन जेट भिंगातून पाहिला, छिद्राच्या कडेला तारेचे ओरखडे स्पष्ट दिसतात, छिद्र किंचित लांबट झालं आहे.

जेट नवा घ्यायचा का? आणि इथेनॉलच्या पेट्रोलसाठी मोठा घ्यावा असं कुणीतरी सांगितलं, ते खरं आहे का?

आयटीआय_मास्तर · १३ मे, सकाळी ७.४५

जेट नवाच घ्या. किती घ्यायचा त्याचा हिशोब करू.

सोलेक्सच्या जेटवर जो आकडा असतो तो छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तुमच्या जेटवर जो असेल तो धरा, मी उदाहरणाला १२० घेतो. पेट्रोल किती जाईल ते क्षेत्रफळावर ठरतं, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. तारेनं छिद्र १.२० चं १.३० झालं तर व्यास आठ टक्के वाढला, पण क्षेत्रफळ १७ टक्के. डोळ्याला न दिसणाऱ्या ओरखड्यानं एवढा फरक पडतो.

आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल हवं. १२० च्या जागी १२५ टाकला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. हिशोब बरोबर जुळतो, म्हणून लोक एक आकडा वर जातात.

पण लगेच मोठा घेऊ नका. आधी मूळ आकड्याचा नवा जेट, नवा वायसर, नवा डायफ्राम. मग पन्नास किलोमीटर चालवून प्लग काढा. पांढरट दिसले, चढावर गाडी ओढ घेत नसेल, इंजिन जास्त तापत असेल, तरच एक आकडा वर.

डेल्को_काका · १३ मे, सकाळी ८.२०

अन् ट्यून असं करजो. गाडी दहा किलोमीटर फिरवून आन, इंजिन पूर्न गरम पाह्यजे. चोक पूर्न आत हाय का ते पाय, केबल जाम असन तं अर्धा चोक लागूनच राह्यते अन् मानूस जिंदगीभर जेट बदलत बसते.

मिक्श्चरचा स्क्रू हळूच आत टेकेपर्यंत फिरव, आवळू नको, टोक बसून जाते. मंग दीड आटा बाहेर. गाडी सुरू कर. आता अर्धा-अर्धा आटा फिरवून आवाज ऐक. आत घेतला का पेट्रोल कमी, बाहेर घेतला का जास्त. जथी इंजिन सर्वात वर चढते अन् सारखं फिरते, तथी थांब. मंग दुसऱ्या स्क्रूनं रेस कमी कर. पुन्हा पयला स्क्रू. असं दोन-तीनदा.

सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून पाय. सारखे ठोके लागले पाह्यजेत. मधात एखांदा ठोका गाळत असन तं तो प्लग नाई तं टॅपेट, त्यासाठी स्क्रू फिरवू नको. अन् थ्रॉटलच्या दांड्यावर इंजिन ऑइलचा थेंब सोड. थेंब पडल्याबरोबर इंजिनचा आवाज बदलला तं दांडा झिजला हाय, तथून हवा घेते. मंग ट्यून टिकत नाई, बुश घालाव लागते.

संत्रा_वरूड · १४ मे, दुपारी ३.१०

मधेच विचारतो. बागेतली जुनी पेट्रोल जीप आहे, रात्रभर उभी राहिली की सकाळी दहा मिनिटं स्टार्टर मारावा लागतो. नंतर दिवसभर काही त्रास नाही. कार्बोरेटर का?

अँबी_ताई_वणी · १४ मे, दुपारी ४.००

दादा, रात्रीत वाटी रिकामी होत असेल, किंवा पंपाची झडप पेट्रोल धरून ठेवत नसेल. उद्या सकाळी स्टार्टर मारायच्या आधी वरचं झाकण काढून वाटी बघा. सापडलं की नवा धागा काढा, म्हणजे पुढच्याला शोधता येईल.

दारव्हा_पद्मिनी · २० मे, रात्री १०.००

अमरावतीहून मूळ आकड्याचा जेट आणि तांब्याचे वायसर आणले. वायसर दोन जाडीचे मिळाले. ताईंना फोटो दाखवून त्यांनी सांगितलेल्या जाडीचा बसवला. डायफ्राम बदलला. चोकची केबल खरंच जाम होती काकाजी, परत जाताना शेवटचा अर्धा इंच अडकायची. तेल घालून मोकळी केली.

काकाजींनी सांगितलं तसं दोन संध्याकाळ ट्यून करत बसलो. पहिल्या दिवशी काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, "थोडा बाहेर घे. अजून. बस." तिथेच इंजिन स्थिर झालं. धूर नाही, वास नाही. दांड्यावर तेलाचा थेंब टाकून पाहिला, आवाज बदलला नाही.

दारव्हा_पद्मिनी · २९ मे, रात्री ९.१५

काल शेगावला जाऊन आलो. पहाटे चारला निघालो, ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून. कारंजा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव. जाताना दीडशेच्या वर किलोमीटर, येताना तेवढंच, आणि गाडी एकदाही थांबली नाही. अकोल्याजवळ येताना ऊन उतरायचं होतं, ट्रकांच्या रांगेत अर्धा तास अडकलो, तिथे थोडी गरम झाली. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलं आणि पुढे निघालो. नागपूरकर भाऊ, तुमचं फडकं कामी आलं.

आई मागे बसली होती. मूर्तिजापूर सोडल्यावर म्हणाली, हाच आवाज, तू लहान असताना याच आवाजात झोपायचास. बाबा पूर्ण रस्ता काही बोलले नाहीत. दर्शनाहून परत गाडीत बसताना मात्र चावी मागितली आणि मंदिराच्या बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर स्वतः चालवली. चार वर्षांनी.

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. कार्बोरेटर बदलला असता तर पैसे गेले असतेच, आणि ती पाइप तशीच राहिली असती.

डेल्को_काका · ३० मे, सकाळी ६.०५

आईबाबाले माह्या नमस्कार सांग. वाचून पोट भरलं.

प्लग पाह्यले का?

दारव्हा_पद्मिनी · ३० मे, सकाळी ८.४०

पाहिले काकाजी. तीन अगदी चहात बुडवायच्या बिस्किटाच्या रंगाचे. चौथ्याला थोडी काळी ओलसर काजळी आहे. मिक्श्चर पाव आटा आत घेऊ का?

डेल्को_काका · ३० मे, सकाळी ८.५०

नको. एकच कार्बोरेटर चारही सिलिंडरले पाजते. जास्त पाजत असता तं चारही काळे झाले असते. चवथ्याची वायर अन् डेल्कोचं (चारही प्लगले ठिनगी वाटते तो डबा) झाकन पाय, आतून तडा असन. ते ठीक असन तं त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोज, ओलं हाय म्हन्जे तेल वर येत असन. स्क्रू हाय तथीच राहू दे.